रोजचे दोनशे अठ्ठ्याऐंशी

बॅकअपमधून आकड्यांचे तक्ते वगळावेत अशी सूचना मीच लिहिली होती, आणि ती लिहिल्याचं साफ विसरलो होतो.

माझ्या धंद्यातल्या माणसाला एवढं वाचूनच घाम फुटेल. पण दिवाळी अंक वाचणारी मंडळी सुखी असतात, समोर चकलीची ताटली असते. त्यांना घाम फोडायचा तर थोडं समजावून सांगायला हवं.

मी संकेतस्थळं सांभाळतो. बांधत नाही. बांधणारे तरुण आणि हुशार असतात आणि बांधून झालं की पुढच्या नोकरीला निघून जातात. मग जे मागे उरतं ते मी बघतो. बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटची बंद करून घेतलेली बाल्कनी हे माझं कार्यालय. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या अजून तिथेच असल्याने वर्षातले चार महिने मी ओल्या टॉवेलांच्या पलीकडून जगाशी संपर्क ठेवतो.

संकेतस्थळ ज्या यंत्रावर राहतं तो सर्व्हर. तो भाड्याचा, कुठल्या तरी दुसऱ्या शहरात, मी कधी न पाहिलेला. त्यातल्या सगळ्या सामानाची रोज एक नक्कल काढून दुसरीकडे ठेवायची, तो बॅकअप. यंत्र मेलं की नव्या यंत्रात ती नक्कल लावायची आणि सगळं जागच्या जागी आलं का ते बघायचं. आणि संकेतस्थळावर रोज किती लोक आले हे मोजणारा एक छोटा जोडप्रोग्रॅम असतो, त्याला प्लगिन म्हणतात. गिऱ्हाइकाला बाकी कशातलं काही कळत नाही, पण हा आकडा मात्र लगेच कळतो. मार्केट यार्डाजवळचे माझे एक मसालेवाले होते. ते गल्ल्यावर बसल्या बसल्या दिवसातून चाळीस वेळा स्वतःचंच संकेतस्थळ उघडायचे आणि संध्याकाळी मला फोन करायचे, "मोघेसाहेब, आज बेचाळीस आले." त्यांची मी यथेच्छ टवाळी केलेली आहे. कित्येक लग्नांच्या पंगतीत हा किस्सा मी रंगवून सांगितला. अलीकडे सांगत नाही.

त्याचं कारण शेखबाई.

शेखबाई खडकीच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाल्या. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी त्या पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतात, लेखकांची रीतसर परवानगी घेऊन. बारा वर्षं हे काम चालू आहे. शनिवार पेठेतल्या एका जुन्या संस्थेने त्यांना पहिल्या मजल्यावर एक खोली दिली होती. संस्थेचं नाव मुद्दामच देत नाही. त्यांनी माझं नाव काय केलं ते पुढे येईलच. खोलीच्या भिंतींना कापसाच्या जुन्या गाद्या ठोकलेल्या, मध्ये टेबल, माइक आणि बाई. वाचून झालेली प्रकरणं संकेतस्थळावर चढवायची आणि ऐकणाऱ्यांनी घरबसल्या ऐकायची. संकेतस्थळ सांभाळायला मी.

संस्थेचे चिटणीस देशमाने. हवामानाच्या नोंदी घेण्यात त्यांची चाळीस वर्षं गेलेली. निवृत्तीनंतर पाऊस मोजायला उरला नाही म्हणून ते आमचे श्रोते मोजायचे. रोज सकाळी ठीक आठला संगणक उघडायचा, प्लगिनमध्ये कालचा आकडा बघायचा, तो रजिस्टरमध्ये पेन्सिलीने लिहायचा आणि मग खाली जाऊन दारावरच्या फळ्यावर खडूने लिहायचा: "काल आमच्याकडे ३०२ जणांनी पुस्तक ऐकले. आपण काल काय केलेत?" भाजी घेऊन जाणाऱ्या माणसालासुद्धा क्षणभर अपराधी वाटायचं.

तर गेल्या वर्षी संस्थेच्या विश्वस्तांच्या मनात आलं की या खोलीची अभ्यासिका करावी. पेठेत स्पर्धा परीक्षांची मुलं बसायला जागा शोधत फिरत असतात, खोलीत सोळा टेबलं बसतात. विचार वाईट नव्हता. अध्यक्षांचं म्हणणं एवढंच होतं की टेबलावर बसलेला मुलगा दिसतो, बाईंचे श्रोते कुणी पाहिलेत? त्यावर बाईंनी सांगितलं, रोजचे तीनशे आहेत, शनिवारी पाचच्या बैठकीत वर्षभराचा आलेख छापून आणते, मग काय तो निर्णय घ्या. आणि मला फोन करून म्हणाल्या, "मोघे, आलेख तेवढा नीट छापून आणा. माझी खोली त्या कागदावर आहे."

त्याच आठवड्यात, बुधवारी सकाळी, सर्व्हरची डिस्क गेली.

मी घाबरलो नाही. बॅकअप होता. नवं यंत्र घेतलं, नक्कल लावली, दुपारी दोनपर्यंत संकेतस्थळ उभं. एक प्रकरण लावून पाहिलं, बाईंचा आवाज स्वच्छ आला. पहिलं वाक्य झाल्यावर बंद केलं. मला पुरेसं होतं. मग ऐटीत आकड्यांचं पान उघडलं. तिथे लाल चौकट: तक्ता सापडत नाही.

तेव्हा मला ती सूचना आठवली. पाच-सहा वर्षांपूर्वी बॅकअप फार फुगतोय म्हणून मीच यंत्राला सांगितलं होतं की ते आकड्यांचे तक्ते सोडून बाकीचं घे. यंत्राने इमानेइतबारे ऐकलं होतं.

लाल चौकटीखाली एक निळं बटण होतं, "पुन्हा स्थापन करा". अशी बटणं दाबू नयेत असं मी नवशिक्यांना नेहमी सांगतो. दाबलं. लाल चौकट गेली, प्लगिनची नवी कोरी आवृत्ती बसली आणि पडद्यावर एक सुंदर, स्वच्छ आलेख आला. सगळीकडे शून्य.

बाईंना फोनवर सांगितलं की संकेतस्थळ सुरू झालंय, जुने आकडे हळूहळू येतील. कुठून येतील ते मला माहीत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी देशमान्यांचा फोन. "मोघे, काल अकरा."

"अकरा वाजता काय?"

"अकरा माणसं. परवापर्यंत तीनशे होती. यंत्र बिघडलंय की माणसं?"

मी म्हटलं यंत्रच, अर्थात. फळ्यावर काही लिहू नका. ते म्हणाले, नोंद ती नोंद. मी स्कूटर काढून पेठेत पोचलो तेव्हा फळ्यावर होतं: "काल आमच्याकडे ११ जणांनी पुस्तक ऐकले. कारण तज्ज्ञ शोधत आहेत." आणि फळ्यासमोर एक विश्वस्त उभे राहून ते शांतपणे वाचत होते.

शुक्रवारचा दिवस मी प्लगिनशी झटापट करण्यात घालवला. परवानग्या तपासल्या, आवृत्त्या तपासल्या, ते दोनदा काढून पुन्हा बसवलं. स्वतः फोनवरून संकेतस्थळ उघडून पाहिलं, तर प्लगिन निमूटपणे एक माणूस वाढवायचं. म्हणजे मोजत होतं. मग दिवसाला अकराच का?

संध्याकाळी एक आशेचा धागा सापडला. सोसायटीच्या फाटकावर वॉचमनची वही असते ना, कोण आलं, किती वाजता, कुणाकडे गेलं, तशी प्रत्येक सर्व्हरची एक वही असते. प्लगिन म्हणजे त्या वहीची बेरीज करणारा सेक्रेटरी. माझ्या दिव्य सूचनेने सेक्रेटरीच्या बेरजा गेल्या होत्या, पण वह्या वेगळ्या कप्प्यात असल्याने बॅकअपमध्ये शाबूत होत्या. वर्षभराच्या. त्या नव्या प्लगिनला पुन्हा वाचायला दिल्या की आलेख परत उभा राहणार होता. आणि बरोबर आलं की नाही हे ताडून बघायला देशमान्यांचं रजिस्टर होतं.

रजिस्टर मात्र संस्थेबाहेर नेता येणार नाही असं देशमान्यांनी सांगितलं. फोटोही नाही. त्यामुळे शनिवारी सकाळी दहा वाजता मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याच टेबलावर, त्यांच्याच नजरेखाली. शेजारच्या दाराआड बाईंचं वाचन चालू. बैठक रद्द झाली तर झाली, प्रकरण अर्ध्यावर ठेवायचं नाही, असा त्यांचा बाणा. थोड्या वेळाने दार किलकिलं झालं.

"मोघे, जरा हळू बडवा. तुमची बोटं माझ्या सतराव्या प्रकरणात ऐकू येतायत."

मी एका बोटाने टाइप करायला लागलो. घड्याळात साडेदहा.

वर्षभराच्या वह्या एकदम दिल्या तर प्लगिनला ते झेपेना, अर्ध्यावर मान टाकली. मग अलीकडून मागे जात महिना-महिना दिला. सप्टेंबर गिळायला त्याला वीस मिनिटं लागली. जेवणाची वेळ झाली तेव्हा एप्रिल अर्धा होता. देशमान्यांनी डबा खाल्ला, मला विचारलं नाही. अडीचला सगळे महिने आत गेले आणि आलेख उभा राहिला.

उभा म्हणजे काय, आडवाच. रोजचे बारा, सोळा, नऊ, चौदा.

मी रजिस्टर ओढलं. पाच मार्च: रजिस्टर ३०१, प्लगिन १५. फरक २८६. सहा मार्च: ३०४ आणि १४. फरक २९०. पुढचा २८८. पुढचा २८५. सगळीकडे तीनशेला थोडे कमी लोक गायब, आणि गायब होण्यातही एक शिस्त. चुकीला शिस्त असली की मला भीती वाटते.

"वेळ बघितलीत का?" देशमाने म्हणाले. मी म्हटलं सव्वातीन. ते म्हणाले, भिंतीवरची नाही, यंत्रातली. आमच्याकडेही नोंदी परदेशी वेळेत यायच्या आणि नवखे पाऊस भलत्याच तारखेला पाडायचे. खरंच की. सर्व्हरचं घड्याळ ग्रीनिचचं होतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्या पहाटेचा माणूस वहीत आदल्या दिवशी पडत होता. वह्या आत गेलेल्याच होत्या, घड्याळ सरकवलं, सगळं पुन्हा मोजायला लावलं. ऐन वेळी ही बुद्धी, म्हणजे आणखी अर्धा तास. विश्वस्तांच्या खुर्च्या मांडायला सुरुवात झाली.

पावणेचारला नवे आकडे आले. पाच मार्च: फरक २८८. सहा मार्च: २८८. सात: २८८. विसर्जनाच्या दिवशी, जेव्हा पेठेत कानठळ्या बसतात आणि फक्त चौघांनी पुस्तक ऐकलं होतं, तेव्हाही २८८. मी रजिस्टरची मागची पानं भराभर उलटली. कुठल्याही दिवशी आकडा दोनशे अठ्ठ्याऐंशीच्या खाली नव्हता. एकदाही नाही.

बारा गुणिले चोवीस दोनशे अठ्ठ्याऐंशी. तासाला बारा, म्हणजे दर पाच मिनिटांनी एक.

आठ वर्षांपूर्वी बाईंचं संकेतस्थळ एकदा चार दिवस बंद पडलं होतं आणि मला पत्ता नव्हता. बाईंनीच फोन करून सांगितलं. लाज वाटून मी एक पहारेकरी प्रोग्रॅम लिहिला. माझ्या बाल्कनीतल्या संगणकावरून दर पाच मिनिटांनी तो बाईंचं दार वाजवायचा, उघडलं की समाधानाने परत यायचा. संकेतस्थळं चाळत फिरणारे बाहेरचे सगळे रोबो, म्हणजे असलेच प्रोग्रॅम, मी दारातूनच हाकलत होतो. घरचा राहिला होता. जुनं प्लगिन भोळं, दार उघडलं की एक माणूस धरायचं. नवं प्लगिन शहाणं, यंत्राला माणूस समजत नव्हतं. दोन दिवस मी ज्याला चूक समजून झटत होतो ते पहिल्यांदाच बरोबर मोजत होतं.

आणि आठवलं की पहारेकरी बसवला त्या महिन्यात आकडा एकदम वाढला म्हणून बाईंनी पेढे वाटले होते. मी दोन खाल्ले होते.

चार वाजून दहा मिनिटं. आता खरं सांगतो. नव्या प्लगिनच्या मांडणीत एक चौकोन असतो: "यंत्रांच्या भेटीही मोजा". तिथे खूण केली की तीनशे परत येणार होते. कुणाला काही कळणार नव्हतं. रजिस्टरशी ताळा जुळणार, आलेख छापला जाणार, खोली राहणार. काम चांगलं, बाई चांगल्या. खोटं बोलायला याहून चांगली जागा मला आयुष्यात मिळाली नव्हती. मी खूण केली. आलेख ऐटीत उभा राहिला.

तेवढ्यात बाई पाणी प्यायला बाहेर आल्या. पडदा बघून म्हणाल्या, "आलं का?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. पण बाईंनी तीस वर्षं वर्गात उभं राहून खोटं बोलणारी मुलं ऐकलेली. त्या हातातला पेला तसाच धरून थांबल्या. मग मी सगळं सांगून टाकलं. पहारेकरी, पाच मिनिटं, चौकोन, सगळं. देशमान्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"खरे किती?" बाईंनी विचारलं.

"सरासरी चौदा."

त्या खुर्चीवर बसल्या. पेला टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "ती खूण काढा." मी काढली. "आता सांगा, हे चौदा शेवटपर्यंत ऐकतात का?"

हा प्रश्न बारा वर्षांत मला कुणी विचारला नव्हता, आणि मलाही पडला नव्हता. सगळ्यांना किती आले हे हवं असतं. वहीत मात्र कुणी काय उघडलं हेही असतं. नाव-गाव कळत नाही, पण एकाच फोनची पावलं ओळखता येतात. मी वही उघडली. एकेचाळीस प्रकरणांची कादंबरी कुणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमाने ऐकली होती, रोज एक. कुणी नववं प्रकरण सहा वेळा ऐकलं होतं. आणि एक जण रोज पहाटे पाच-चाळीसला यायचा. जूनमध्ये बाईंना कावीळ झाली तेव्हा सव्वीस दिवस नवं प्रकरण चढलं नव्हतं. तो सव्वीसही दिवस पाच-चाळीसला आला होता, यादी उघडून पाहिली होती, आणि काही न ऐकता गेला होता.

बाईंनी त्या ओळी स्वतः वाचल्या, बोट लावून, तारखेनुसार. "हे छापा," म्हणाल्या. "आलेख राहू दे. बैठकीत मी बोलेन. तुम्हाला विचारलं तरच तोंड उघडा."

पाचला बैठक सुरू झाली. बाईंनी उभं राहून सांगितलं की तीनशे हा आकडा खोटा होता, खरे श्रोते रोजचे चौदा आहेत, आणि मग पाच-चाळीसवाल्याचे सव्वीस दिवस वाचून दाखवले. विशेष काही न करता, हजेरी घेतात तसे. मग अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"म्हणजे बाकीचे तीनशे लोक नव्हतेच?"

"दोनशे अठ्ठ्याऐंशी. नव्हते."

"मग कोण येत होतं?"

"मी," मी म्हटलं.

चर्चा तासभर चालली. सर्वांत जास्त दुखावले होते देशमाने. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांची एक नोंद चुकली नव्हती आणि निवृत्तीनंतरची आठ वर्षं मी नासवली होती. ते बैठकीत माझ्याकडे न बघता लाल पेनने रजिस्टरची प्रत्येक ओळ दुरुस्त करत बसले होते. त्यांचं ते काम पुढे तीन आठवडे चाललं. शेवटी ठरलं ते असं: तीन दिवस बाईंचं ध्वनिमुद्रण, चार दिवस अभ्यासिका. टेबलं सोळा नाही, दहा. गाद्या भिंतीवर राहतील, मुलांनाही शांतता लागतेच.

मला त्या रात्री झोप लागली नाही, पण खोली निम्मी गेली म्हणून नव्हे. रोज तीनशे येतायत म्हटल्यावर बाई कशाला लोक शोधायला जातील? अंधशाळांना पत्रं लिहायची, वसतिगृहांत जाऊन सांगायचं, असं त्यांच्या मनात पूर्वी होतं. पेढे वाटले त्या महिन्यापासून त्यांनी ते सोडून दिलं होतं. काम पोचतंय असं त्यांना वाटत होतं. ते वाटायला लावणारा मी. बॅकअपची चूक निस्तरता येते. या चुकीत आठ वर्षं गेली आणि त्यांची नक्कल कुठेच नव्हती.

आता अभ्यासिकेच्या चार दिवसांत बाई फिरतात. पुण्यातली वसतिगृहं झाली, मग मराठवाडा झाला, विदर्भातल्या दोन शाळांत जाऊन आल्या. एसटीने. आकडा हलतोय, कासवाच्या गतीने, पण माणसांचा आहे. देशमान्यांचा फळाही चालू आहे. बैठकीनंतरच्या सोमवारी त्यावर होतं: "काल आमच्याकडे १३ जणांनी पुस्तक ऐकले (मोघे वगळून)." कंसातला मजकूर अजून तसाच असतो. पेठेतले दोन दुकानदार मला त्यावरून ओळखतात.

माफी मागायला मी बाईंकडे दुसऱ्याच आठवड्यात गेलो. सोबत पेढे नेले होते, दोन जास्त. पहारेकरी आता मोजणीतून वगळलाय, सूचना कागदावर लिहून भिंतीला चिकटवलीय, असं सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, माइकवरची धूळ फडक्याने पुसली आणि दार लावून घेण्याआधी म्हणाल्या,

"आठ वर्षं दिवसातून दोनशे अठ्ठ्याऐंशी वेळा आलात हो आमच्याकडे, मोघे. एक पुस्तक ऐकून जायला काय झालं होतं?"